बाहुलीचा झगा आणि बाईचे तास

(८ मार्चच्या निमित्तानं पनवेल परिसरातल्या महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



माझ्या आधीच्या दोघी पाण्याच्या आणि रेशनच्या प्रश्नावर बोलल्या. मी बोलणार आहे बाहुलीच्या कपड्यांवर. मागच्या रांगेत खसखस पिकली, ती मला इथपर्यंत ऐकू आली. हसायला माझी हरकत नाही. पण ज्या कामाला लोक आधी हसतात, त्या कामाचे पैसे द्यायची वेळ आली की त्यांचा हात आखडतो. एवढं लक्षात ठेवून पुढचं ऐका.

मी ज्या संस्थेत काम करते, तिच्याशी जोडलेला नऊजणींचा एक गट आहे. काहीजणी मूळच्या इथल्या गावांतल्या. १९७० साली सिडको आली आणि पुढं या तालुक्यातली भातशेती टप्प्याटप्प्यानं गेली. अगदी अलीकडे, २०२५ साली सुरू झालेल्या विमानतळासाठी दहा गावं उठली. ज्या बोटांनी लावणी केली, त्या बोटांना आता घरात बसून जे मिळेल ते काम करावं लागतं. काहीजणी नवऱ्याच्या नोकरीमागं घाटावरून इकडं आलेल्या. सगळ्यांना शिवण येतं. दोन वर्षांपासून या नऊजणी बार्बीच्या मापाच्या बाहुल्यांसाठी हातानं झगे शिवतात. एकासारखा दुसरा नाही, असे झगे. त्याबरोबर जुन्या बाहुलीचा चेहरा पुसून नवा रंगवणं, केस नव्यानं लावणं, म्हणजे ज्याला गिऱ्हाइकं 'मेकओव्हर' म्हणतात, तेही करतात.

आधी हे काम काय आहे ते सांगते, कारण पुष्कळजणींना वाटतं की चिंधी गुंडाळली की झाला बाहुलीचा कपडा.

ही बाहुली साडेअकरा इंचांची. म्हणजे माणसाच्या साधारण सहावा हिस्सा. कपड्याचं माप सहापट लहान करता येतं, पण कापडाची जाडी काही लहान होत नाही. तुमच्या-माझ्या अंगावर छान पडणारं साटीन बाहुलीच्या कमरेवर पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. म्हणून मलमल, वॉइल, शिफॉन, नाहीतर विरत आलेली जुनी रेशमी साडी शोधावी लागते. माप घ्यायला टेप कामाचा नाही. आधी बाहुलीला पातळ प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं, त्यावर कागदी चिकटपट्टी लावायची, त्यावर पेनानं शिवणीच्या रेघा मारायच्या, मग ते कवच कातरून सपाट करायचं. तेव्हा कुठं कापड बेतायला नमुना हाती येतो. शिवणीसाठी कापड सोडायचं ते जेमतेम तीन-चार मिलिमीटर. एवढंसं कापड मशीनच्या दात्यांत ओढलं जातं, म्हणून खाली कागद ठेवून टीप मारायची आणि नंतर तो कागद अलगद फाडून काढायचा. छातीचे टक्स, कमरेच्या चुण्या, काखेची गोलाई, हे सगळं पुष्कळदा हातानंच. गडद कापडाचा रंग बाहुलीच्या अंगाला लागतो, म्हणून आतून पांढरं अस्तर. पाठीला इवलीशी टिचबटणं. मग मणी आणि टिकल्या, एकेक ओवून.

नऊवारीचं गणित ऐका. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. त्याचा सहावा हिस्सा ५४ इंच, म्हणजे दीड वार. आता हे दीड वार कापड खरोखर त्या एवढ्याशा कमरेला नेसवलं, तर बाहुली पोटुशी दिसते. गटातल्या एका काकूंनी यावर तोड काढली. निऱ्या आतून कापून वरच्यावर टाचायच्या, कासोटा वेगळा शिवून जोडायचा आणि काठ उभ्या साडीतून न घेता जुन्या ब्लाउजच्या बाहीचा बारीक काठ लावायचा. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. चार वेळा उसवून त्यांनी ते शोधून काढलं. कारखान्यात अशा कामाला 'डिझाइन' म्हणतात आणि त्याचा वेगळा पगार असतो.

चेहऱ्याचं काम आणखी नाजूक. कारखान्यात छापलेले डोळे-ओठ ॲसिटोननं, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रवानं, पुसायचे. डोकं मऊ प्लास्टिकचं असतं, ते टिकतं. तेच द्रव कडक प्लास्टिकच्या अंगावर सांडलं तर अंग विरघळतं. मग पारदर्शक फवाऱ्याचा एक थर, त्यावर रंगीत पेन्सिल आणि ॲक्रिलिक रंग, पुन्हा थर, पुन्हा रंग. पापणीचा केस काढायला दोन-तीन केसांचा ब्रश. डोक्यावरचे केस बदलायचे असले तर जुने उपटून, एकेका भोकातून सुईनं नवी बट ओवायची. कुरळे हवे असतील तर बारीक नळीवर गुंडाळून गरम पाण्यात बुडवायचे.

हे कसब आलं कुठून? आपल्याकडच्या बायकांना ते नवं नाही. रुखवत आठवा. सुपारीचे नवरा-नवरी, नारळाला नाकडोळे काढून केलेली विहीणबाई, शालू नेसवलेल्या कापडी बाहुल्या. आत्या, मावश्या, शेजारणी महिना-महिना जागून ते करत. मांडवात लोक येऊन बघत आणि 'मुलगी मोठी हौशी हो' असं म्हणून पुढं जात. भातुकलीतल्या बाहुला-बाहुलीच्या लग्नात आजीनं चिंध्यांतून शिवलेला परकर असे. भाद्रपदात गौरी उभ्या करताना साडी अशी चापूनचोपून नेसवायची की धड सांगाड्याचं आहे हे कळू नये, हे घराघरातल्या बायका करतात. आणि इथून तासाभरावर पेण आहे. पेण-हमरापूर भागात गणपतीच्या मूर्तींना खरं धोतर नेसवणं, फेटा बांधणं, खडे चिकटवणं या कामात कितीतरी बायकांचे हात आहेत. लहान अंगावर मोठ्या माणसाचा कपडा हुबेहूब बसवायचा, हे कसब आपल्या रायगड जिल्ह्यात आहेच. नाव मात्र त्याला आपण 'हौस' असं दिलं.

दिल्लीत मात्र याच कामाला संग्रहालयात जागा मिळाली. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ साली तिथं बाहुल्यांचं संग्रहालय काढलं. त्याला जोडून कार्यशाळा आहे. निरनिराळ्या प्रांतांतल्या पेहरावाच्या बाहुल्या तिथं हातानं घडवल्या गेल्या. काम घरातल्या कोपऱ्यातलं असो की कार्यशाळेतलं, सुई तीच. फरक पडतो तो त्या कामाला काम म्हटलं की नाही, याचा.

गिऱ्हाइकं या झग्यांना 'कुत्यूर' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ आहे साधं शिवणकाम. त्याच्यापुढं 'उंची' असा अर्थ जोडला की तो श्रीमंतांचा होतो. कपडे घातलेल्या बाहुल्यांचा धंदाही तिकडचाच. सतराव्या-अठराव्या शतकात पॅरिसची नवी फॅशन युरोपच्या दरबारांपर्यंत पोचवायला बाहुल्यांना नमुन्याचे कपडे घालून पाठवत. १९४५ साली, महायुद्धानं कापडाचा दुष्काळ पडलेला असताना, पॅरिसच्या नामांकित फॅशनगृहांनी तारेच्या छोट्या पुतळ्यांवर नव्या कपड्यांचं प्रदर्शन मांडलं. आज त्या फॅशनगृहांची नावं मिळतात. ज्यांच्या बोटांनी ती इवली काजं केली, त्या शिवणकरणींची नावं शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही.

बार्बीचीही तीच गोष्ट आहे, आणि ती आपल्याला जवळची आहे. आपला दिवस ८ मार्च. बार्बी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मांडली गेली ती ९ मार्च १९५९ ला. ती काढली रूथ हँडलर या बाईनं. रूथ, त्यांचे पती आणि एक भागीदार यांनी १९४५ साली मॅटेल कंपनी सुरू केली होती. रूथची मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना मोठ्या बायका करायची. स्वित्झर्लंडला गेलेल्या असताना रूथनं लिली नावाची एक जर्मन बाहुली पाहिली. ती मूळची वर्तमानपत्रातल्या एका चित्रमालिकेवरून निघालेली, मोठ्या पुरुषांच्या थट्टेतली. तिच्यावरून बार्बी घडली. छाती असलेली बाहुली कोणती आई विकत घेईल, असं कंपनीतल्या पुरुषांचं म्हणणं होतं. रूथनं ऐकलं नाही.

पण बाहुली विकून कंपनीचं भागणार नव्हतं. खरा धंदा होता तिच्या कपड्यांचा. बाहुली एकदाच घेतली जाते, कपडे पुनःपुन्हा. त्यासाठी शार्लट जॉन्सन नावाच्या शिक्षिकेला नेमलं. पहिल्या बाहुल्या जपानमध्ये तयार झाल्या. जॉन्सनबाई त्या काळात तिथं राहिल्या. इवल्या झिपा, इवली बटणं करून घेतली. आणि ते कपडे शिवले कुणी? जपानमधल्या, घरी बसून नगावर काम करणाऱ्या बायकांनी. जगातल्या सगळ्यांत प्रसिद्ध बाहुलीचं पहिलं कपाट भरलं ते तुमच्या-माझ्यासारख्या बायकांच्या घरच्या ओट्यावर, पोरांची जेवणं उरकल्यावर. रूथ आणि शार्लट यांची नावं आपण घेतो, कारण ती नोंदलेली आहेत. त्या शिवणकरणींचा उल्लेख एका वाक्यात येतो, 'घरकामगार स्त्रिया'.

आता तुमच्यातल्या काहीजणींच्या मनात जो प्रश्न आहे, त्याकडं येते. तो रास्त प्रश्न आहे. ज्या बाहुलीच्या कमरेवरून आणि गोऱ्या कातडीवरून आपण इतकी वर्षं बोलतो आहोत, तिच्यासाठीच बायकांनी झगे शिवायचे का? आपल्या मुलींना आपण 'रंग उजळ करण्याच्या मलमावर पैसे घालवू नका' म्हणून सांगतो आणि दुसऱ्या हातानं पिवळ्या केसांच्या गोऱ्या बाहुलीला नटवतो, हे कसं?

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. बाहुलीवरचा आक्षेप खरा आहे. तो मी मागं घेत नाही. या कंपनीनं पहिली काळी मैत्रीण-बाहुली १९६८ ला आणली, पण खुद्द बार्बी काळी व्हायला १९८० उजाडलं, आणि तीही किटी ब्लॅक पर्किन्स या काळ्या डिझायनर बाईनं घडवली तेव्हा. साडीतली बार्बी आपल्या दुकानांत १९९० च्या दशकातच होती, पण साडीच्या वरचा चेहरा तोच. थोड्या भरलेल्या अंगाची, बुटकी, उंच अशा बाहुल्या यायला २०१६ साल लागलं. हे बदल आपोआप झालेले नाहीत. १९९२ ला बोलणारी बार्बी निघाली. तिच्या तोंडी, गणिताचा वर्ग अवघड असतो, अशा अर्थाचं वाक्य होतं. अमेरिकेतल्या उच्चशिक्षित स्त्रियांच्या संघटनेनं आवाज उठवला, तेव्हा ते वाक्य काढावं लागलं. पुढच्याच वर्षी तिथल्या काही कार्यकर्त्यांनी दुकानातून बोलक्या बार्बी आणि बोलके सैनिक-बाहुले विकत आणले, त्यांच्या पोटातली आवाजाची यंत्रं अदलाबदल केली आणि बाहुल्या पुन्हा दुकानाच्या फळीवर नेऊन ठेवल्या. मुलांनी खोकी उघडली तर सैनिक खरेदीच्या गोष्टी बोलतोय आणि बार्बी लढाईच्या!

'मेकओव्हर'मध्ये ही ताकदही आहे. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात सोनिया सिंग नावाच्या बाईंनी असंच केलं. वैज्ञानिक संस्थेतली नोकरी गेली होती. जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यांनी टाकून दिलेल्या, भडक रंगवलेल्या बाहुल्या आणल्या. चेहऱ्यावरचा रंग पुसला आणि साध्या मुलीचा चेहरा रंगवला. त्यांच्या आईनं लोकरीचे स्वेटर विणले. त्या बाहुल्या जगभर गाजल्या. कारण रंग उतरवल्यावर खाली एक मूल दिसत होतं.

आमच्या गटातही हे घडलं, कुणी भाषण न देता. एका ताईंनी आपल्या पुतणीसाठी बाहुली रंगवायला घेतली. पुतणी सावळी. ताईंनी चेहरा पुसला आणि म्हणाल्या, 'आता काढतेच आहे, तर आमच्या घरातलं काढते.' सावळा रंग, जाड भुवया, कपाळावर लहान गोंदण, काळे केस, अंबाडा. आगरी बायका नेसतात तशी गुडघ्यापर्यंतची साडी. ती बाहुली पाहून दुसऱ्या बाईनं आपल्या आजीच्या फाटक्या पैठणीचा तुकडा आणून दिला आणि आजीसारखी बाहुली मागितली. पांढरे गाऊन आजही जास्त खपतात, हे खरं आहे. पण ज्या हातांना चेहरा पुसता येतो, त्या हातांना दुसरा चेहरा काढताही येतो. म्हणून मी गटाला असं सांगितलं नाही की हे काम सोडा. बाहुलीची कंबर कशी असावी हा आपला वाद कंपनीशी आणि बाजाराशी आहे. तो वाद नगावर शिवणाऱ्या बाईच्या पोटावर पाय देऊन मिटवायचा नाही. आपल्या चळवळीत 'बायकांना शिवणक्लास आणि पापड-लोणची, एवढंच का?' असं आपण विचारत आलो आणि ते योग्यच होतं. पण त्याच्या जोडीला, शिवणाऱ्या बाईला मिळतं किती, हेही तितक्याच जोरानं विचारायला हवं.

तर मिळतं किती?

काही महिन्यांपूर्वी मुंबईचा एक व्यापारी गटाकडं आला. चाळीस झगे, सगळे वेगवेगळे, मण्यांच्या कामासकट. कापड त्याचं. दोरा, वीज, सुया आपल्या. नगाला १८० रुपये. चाळीस नगांचे ७,२०० रुपये. आकडा ऐकून दोघी-तिघी खूश झाल्या, आणि त्यात गैर काही नाही. मी म्हटलं, आधी एक झगा घड्याळ लावून शिवू या. शिवला. बेतायला आणि कापायला एक तास, शिवायला साडेतीन, मणी-टिकल्यांना पाच, अस्तर, टिचबटणं, इस्त्री यांना दीड. झाले अकरा तास. १८० भागिले ११. ताशी साधारण साडेसोळा रुपये.

हा आकडा कशाशी ताडायचा? २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तास धरले तर ताशी ३९ रुपये. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया खडी फोडायला गेल्या, तिथून पुढं या राज्यात रोजगार हमी रुजली. मातीकाम करणाऱ्या बाईच्या घामाला किमान एक दर ठरवलेला असतो. तोही पुरेसा नाही, हे आपण सगळ्याजणी जाणतो. पण जिच्या हातात याहून जास्त कसब आहे, जिचे डोळे आणि मान कामाबरोबर झिजतात, तिला त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळतं. का? तर ती घरी बसून करते. टीव्ही बघता बघता करते. बाहुलीचं करते. हौस आहे तिला!

व्यापारी अगदी हेच म्हणाला, 'तुम्हाला आवडतं ना हे काम?' हो, आवडतं. डॉक्टरलाही आपलं काम आवडतं, म्हणून कुणी त्याची फी कापत नाही.

कायद्याला ही बाई पूर्ण अनोळखी आहे असं नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत, दुसऱ्यानं दिलेला माल घरी नेऊन शिवणारी किंवा सजवणारी व्यक्ती धरलेली होती. पण तो कायदा ठरावीक उद्योगांच्या यादीपुरता, आणि घरापर्यंत निरीक्षक कधी पोचला नाही. आता त्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेनं घेतली आहे. १९८८ साली इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं 'श्रमशक्ती' अहवाल दिला आणि घरी बसून काम करणाऱ्या बायका सरकारच्या कागदावर आणल्या. त्यांच्या आणि अशा अनेकींच्या प्रयत्नांनी १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरी काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. कारखान्यातल्या कामगाराला जी वागणूक, तीच घरी काम करणारीला, हा त्याचा गाभा. आपल्या देशानं अजून त्यावर मान्यतेची मोहोर उठवलेली नाही.

तेव्हा कायद्याची लढाई लढायची आहेच. पण ती होईपर्यंत आपल्या हातात काय आहे? आमच्या गटानं जे ठरवलं ते सांगते.

एक, वही. प्रत्येक नगाला किती तास लागले, ते त्याच दिवशी लिहायचं. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्यायचं. तास लिहिल्याशिवाय भाव बोलायचा नाही.

दोन, ताशी ५० रुपयांच्या खाली काम घ्यायचं नाही. सामानाचे पैसे वेगळे, आणि निम्मी रक्कम आगाऊ. गिऱ्हाईक म्हणालं पैसे कमी, तर काम कमी करायचं. मणी काढायचे, झालर काढायची, तास पाचावर आणायचे. आपला दर तोडायचा नाही.

तीन, शिवून झाल्यावर बदल सांगितला, तर त्याचे तास वेगळे लावायचे.

चार, अस्तराच्या आत गटाचं नाव आणि शिवणारीचं पहिलं अक्षर धाग्यानं भरायचं. २०२४ च्या दिवाळीत मॅटेलनं अनिता डोंगरे या आपल्याकडच्या डिझायनरनं सजवलेली लेहेंग्यातली बार्बी काढली. डिझायनरचं नाव मोठ्या अक्षरात होतं, आणि ते असायलाच हवं. तसंच शिवणारीचंही असू दे, अगदी आतल्या बाजूला का होईना.

पाच, ॲसिटोनचं काम खिडकी उघडून, नाकाला मास्क लावून, लहान मूल आणि पेटता गॅस दूर ठेवून. बाटलीवर नाव लिहायचं, पाण्याच्या बाटलीत ते कधीही ओतायचं नाही. मण्यांचं काम दिवसाउजेडी. तासाला एकदा उठून मान वळवायची.

सहा, कागदपत्रं. ई-श्रमवर नोंदणी करताना कामाच्या जागी 'गृहिणी' लिहू नका. आपण शिवणकाम करतो, तेच लिहा. लहान मुलांसाठी खेळणी म्हणून विकायची असतील तर नियम माहीत करून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडं नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिली गेली. त्यासाठी कारागीर ओळखपत्र लागतं. ते काढायला आम्ही मदत करू. आणि विकताना 'बार्बीच्या मापाचा झगा' असं म्हणा. कंपनीचं नाव आपल्या मालाला लावू नका.

हे सगळं ठरलं, तेव्हा गटातली एकजण रडकुंडीला आली. तिच्या मुलाची फी भरायची होती, शेवटची तारीख दोन दिवसांवर. तिला १८० चं काम हवं होतं. 'तत्त्व तुमच्याकडं ठेवा, मला फी भरायची आहे,' असं ती म्हणाली. तिचं काय चुकलं? ज्या घरात महिन्याचे हप्ते उभे आहेत, त्या घरात दर धरून बसायला सांगणं सोपं नसतं. गटानं बचतीतून तिला बिनव्याजी रक्कम दिली, फी भरली गेली, आणि ती दरावर टिकली. बचत गट कशासाठी असतो, हे त्या दिवशी मला नव्यानं कळलं. गरजेच्या वेळी 'नाही' म्हणता यावं, यासाठीही बचत लागते.

पण गोष्ट इथं संपली नाही. आम्ही नाही म्हटलं, तेव्हा तो व्यापारी दुसऱ्या वस्तीत गेला. तिथं त्याला १६० रुपयांत झगे शिवून मिळाले. त्या भगिनी आज या सभागृहात आहेत. मी त्यांना दोष द्यायला उभी नाही. त्यांच्याकडं कुणी घड्याळ लावून बसलं नव्हतं, आणि त्यांच्याही घरी फी होती. पण आपण एकमेकींना ओळखत नव्हतो याचा फायदा कुणाला झाला, ते बघा. एका वस्तीचा दर दुसऱ्या वस्तीनं पाडला, की तिसऱ्या वस्तीत तो आणखी पडतो. कारखान्यातल्या कामगारांना एक फाटक असतं, तिथं उभं राहून बोलता येतं. आपलं फाटक म्हणजे आपापल्या घराचं दार. म्हणून हे असे मेळावे हेच आपलं फाटक समजा.

माझी मागणी छोटी आहे. ती फक्त बाहुलीचे झगे शिवणाऱ्यांसाठी नाही. कुणी साड्यांना टिकल्या लावतं, कुणी फॉल-पिको करतं, कुणी राख्या बनवतं, कुणी पापड लाटतं. बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. जेवण झाल्यावर प्रत्येक गटानं तिच्यात तीन गोष्टी लिहा. काम कोणतं, एका नगाला तास किती, आणि हातात पैसे किती पडतात. व्यापाऱ्याचं नाव लिहायची गरज नाही. ज्यांनी १६० ला झगे शिवले, त्यांनीही लिहा. पुढच्या महिन्यात त्या वहीवरून आपण प्रत्येक कामाचा एक सर्वांत खालचा दर ठरवू आणि तो सगळ्या गटांना छापून देऊ. त्याच्या खाली कुणीही जायचं नाही. ज्या घराला त्या दरावर टिकणं अवघड जाईल, त्या घरासाठी गटांनी मिळून एक छोटा निधी ठेवायचा का, हेही त्याच बैठकीत बोलू. आमच्या गटानं त्यात पहिले पाचशे रुपये टाकायचं कबूल केलं आहे.

पेन दोऱ्यानं बांधून ठेवलं आहे. कुणी घेऊन जाऊ नका.